नऊ दिवसांची रजा आणि लुंबिनीचा खडीचा रस्ता

आपल्या वस्त्यांत सायकल ही हौसेची वस्तू कधी नव्हती. तिच्यावरून वडील गिरणीत गेले, थोरल्या भावाने पहाटे पेपर टाकले आणि दळणाचे डबे अजूनही तिच्याच कॅरिअरला बांधले जातात. त्यामुळे "सायकलवरून परदेशी जाणार" असे आम्ही घरात सांगितले तेव्हा आमची आई हसली. सहचारिणीने तर पोळपाटावरून मानही वर केली नाही.

झाले होते असे. सांगलीचे आमचे सोबती एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. उसाची पहिली मोळी पडली की पुढचे चार-पाच महिने त्यांना एक दिवस मोकळा मिळत नाही. यंदा परतीचा पाऊस लांबला, रानात पाणी राहिले, तोड सुरू होईना आणि हंगाम पुढे गेला. बुधवारी रात्री त्यांचा फोन आला. "गुरुजी, नऊ दिवस मिळाले. तुमची दिवाळीची सुट्टी आहेच. पुढच्या बुधवारी निघायचं का लुंबिनीला? सायकलवर."

लुंबिनी हे दहा वर्षांपासूनचे बोलणे. पण कधी पैसे नव्हते, कधी रजा नव्हती, एकदा सगळे जमले तर घरात आजारपण निघाले. आता हातात सात दिवस होते. आम्ही हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर घाबरलो.

वाचकहो, लुंबिनीचे वर्णन आपण पुष्कळ वाचले आहे. या लेखात सांगायचे आहे ते त्या सात दिवसांचे. कारण थोडक्या वेळात दोन माणसांनी दूरचा प्रवास ठरवायचा म्हणजे आधी काय पाहावे लागते, हे आम्हांला तेव्हाच कळले. आम्ही सुरुवात केली ती नेमकी उलट्या टोकापासून, म्हणजे सायकलीपासून.

सोबत्यांचा मुलगा पुण्याला कामाला असतो. त्याने बापाला गिअरची सायकल घेऊन दिली आहे. हल्ली परदेशात डांबरी सोडून खडीच्या, मुरमाच्या रस्त्याने लांब लांब जाण्याचे वेड आहे आणि त्याला 'ग्रॅव्हल' म्हणतात, हेही त्यानेच सांगितले. २०२२ पासून तर या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद शर्यतही भरते. पहिली इटलीत झाली. त्या सायकलींचे खास टायर म्हणे चाळीस मिलिमीटर रुंद असतात. आम्ही आमच्या जुन्या काळ्या सायकलीचा टायर पाहिला. अठ्ठावीस बाय दीड. त्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापले होते: ४०–६३५. म्हणजे चाळीस मिलिमीटरच! आपले बापजादे आयुष्यभर मुरमावरून ग्रॅव्हलच करीत होते, फक्त त्याची शर्यत कोणी लावली नव्हती.

हा शोध लागल्यावर आम्ही फार खुशीत होतो. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर पार्सल कचेरीत चौकशीला गेलो आणि खुशी उतरली. सायकल रेल्वेने नेता येते, पावती होते, ती सामानाच्या डब्यात चढते. पण दिवाळी आणि छठच्या गर्दीत ती तुमच्याच गाडीने जाईल याची हमी कोणी देत नाही. शिवाय वाटेतल्या लहान स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटे थांबते. तेवढ्यात सामानाचा डबा उघडला तर उघडला. सायकल न्यायचीच तर गाडी जिथून सुटते त्या स्टेशनवरून बुक करावी आणि दांड्यावर दोन्ही बाजूंनी नाव, गाव, उतरण्याचे स्टेशन पक्क्या शाईने लिहावे, असे तिथल्या एका हमालभाऊंनी आम्हांला समजावले. फुकटचा पण लाखाचा सल्ला.

शेवटी तोड निघाली ती अशी. सोबत्यांच्या सायकलीची दोन्ही चाके हाताने निघतात. त्यांनी साखरेची रिकामी पोती उसवून, जोडून एक मोठी पिशवी शिवली. चाके काढली, हँडल वळवले, पायडल काढले, की सायकल बर्थखाली सरकते. आमच्या काळ्या सायकलीला चेनचे झाकण, दांड्यांचे ब्रेक, मडगार्ड आणि स्टँड. ती उघडायची म्हणजे संसार उघडण्यासारखे. लुंबिनी बाजारात सायकली भाड्याने मिळतात, अशी माहिती लागली. तेव्हा आमची सायकल घरी राहिली. तिची फक्त सीट काढून घेतली. हसू नका. परक्या सीटवर दोन दिवस बसून पाहिलेल्या माणसालाच तिची किंमत कळते.

तिकिटाचा घोळ वेगळाच. आरक्षण पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवस आधी उघडते. आमच्याजवळ सातच होते. मुंबईहून गोरखपूरला जाणाऱ्या कुशीनगर एक्स्प्रेसची प्रतीक्षा यादी पाहून डोळे फिरले. मुंबई-पुण्यात राबणारी यूपी-बिहारची माणसे याच दिवसांत घरी जातात, त्यांच्यापुढे आमची हौस ती काय? तत्काळचा एकच मार्ग राहिला. शयनयानाचे तत्काळ आदल्या दिवशी सकाळी अकराला उघडते. आम्ही आठ वाजताच खिडकीवर जाऊन उभे राहिलो. परतीचे मात्र पटकन मिळाले, कारण छठ उजाडेपर्यंत गर्दी तिकडे जाणारी असते आणि इकडे येणाऱ्या गाड्यांत जागा सापडते. म्हणून ज्यांना या दिवसांत जायचे आहे त्यांनी परतीची तारीख छठच्या पुढे ढकलू नये.

आता कागदपत्रे. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारापासून दोन्ही देशांची माणसे ये-जा करतात. परंतु ओळख दाखवावी लागते, आणि त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसांनी नुसत्या आधार कार्डावर विसंबून जाऊ नये. आमचे कार्ड पाकिटात होते. सोबत्यांचे पहिले कार्ड २०१९ च्या महापुरात कपाटासकट गेलेले. २०२४ च्या निवडणुकीआधी त्यांनी दुसरे काढून घेतले होते, पण ते ठेवले कुठे हे कोणालाच आठवेना. दोन दिवस घर धुंडाळले. पुरापासून त्यांच्या घरी सगळे महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवतात. डब्यात रेशनकार्ड होते, मुलांचे जातीचे दाखले होते, जमिनीचा एक जुना उतारा होता. कार्ड नव्हते. ते निघाले डब्याच्या झाकणाच्या आतून, चिकटपट्टीने चिकटवलेले. "पाणी आलंच तर झाकण तरी वर तरंगंल, म्हणून मीच लावलं होतं," असे त्यांच्या आईने शांतपणे सांगितले. पूर पाहिलेल्या माणसाची अक्कल वेगळीच.

रविवारी आम्ही दोघांनी सराव म्हणून कऱ्हाडला भेटायचे ठरवले. सातारा आणि सांगलीच्या मधले ते गाव. आम्ही महामार्ग टाळून रहिमतपूर, मसूर अशा वाटेने गेलो. सोबती खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या कृष्णा कालव्याच्या कडेने आले. कालव्याकडेचा मुरमाचा रस्ता म्हणजे सरावाला उत्तम. मुरमावर चाकात हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे टायर पकड धरतो. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक जोराने दाबू नये आणि ओझे कॅरिअरवर जितके खाली बांधाल तितके बरे, हे सगळे अशा रस्त्यावर एका सकाळीत समजते.

मसूरला आम्ही स्टेशनाजवळ थांबलो. या स्टेशनाचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. १९०१ साली लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुलांनी आधी पत्र टाकले होते, नवे कपडे घातले होते, आगगाडीचा तो पहिला प्रवास होता. मसूरला उतरल्यावर घ्यायला कोणीही आले नव्हते, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. पुढे जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला, गाडीवाले नाही म्हणाले, शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. रात्रभर डब्यात जेवण असून पाण्यावाचून ती मुले उपाशी राहिली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या आठवणींच्या पुस्तिकेचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'.

स्टेशनाबाहेर चहा पिताना आमच्या मनात एक साधी गोष्ट आली. अस्पृश्यतेचा तो घाव तर आहेच. पण त्या प्रवासाची पहिली कडी निसटली ती निरोपाची. आमच्या सगळ्या तयारीत निरोपाचा विचार कुठे होता? भारतातले सिमकार्ड सीमेपलीकडे बंद पडते. परदेशी वापराची सोय करून घ्यावी लागते किंवा तिकडचे कार्ड घ्यावे लागते. आम्ही दोघे खेड्यापाड्यांतल्या रस्त्याने फिरणार, आणि घरी कोणाला काही कळणार नाही. तिथेच वहीच्या पानावर लिहून काढले: कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, कोणत्या वेळी फोन, आणि फोन आला नाही तर किती वेळ थांबून कोणाला विचारायचे. वेळेपुढे 'भारतातली' असे लिहिले, कारण नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे असते. या पानाच्या तीन प्रती केल्या. एक साताऱ्याला, एक सांगलीला, एक पुण्याच्या मुलाकडे.

कऱ्हाडला भेट झाली. जखिणवाडीच्या बाजूने आगाशिवचा डोंगर चढून लेणी पाहावीत असे ठरले होते. साठाहून अधिक लेणी आहेत तिथे, भिक्खूंच्या निवासासाठी कोरलेली, आणि कऱ्हाडची कितीतरी माणसे ती न पाहताच म्हातारी होतात. अर्ध्या चढावर सोबती खाली बसले. कपाळावर घाम, हात थरथरत होते, बोलणे जड झाले. आम्हांला वाटले हृदयाचे काही. त्यांनी खिशाकडे बोट दाखवले. खिशात गुळाचा खडा होता. तो खाल्ला, पाणी प्यायले, पंधरा-वीस मिनिटांनी माणूस ताळ्यावर आला.

"गुरुजी, साखरेच्या गोळ्या चालू हायत. तीन वर्षं झाली."

"आणि आम्हांला आज सांगता?"

"सांगितलं असतं तर आला असता का तुम्ही?"

आम्हांला राग आला, हे कबूल करतो. चार दिवसांवर प्रवास, तिकिटाची धडपड, रजा, पैसे, आणि ही गोष्ट लपवलेली! पण लेण्याच्या सावलीत बसून बोलता बोलता आमचेही एक गुपित बाहेर आले. प्रवासासाठी आम्ही जे सात हजार बाजूला काढले होते ते मुलीच्या नर्सिंगच्या पुढच्या हप्त्यातले होते आणि ते आम्ही घरी सांगितले नव्हते. दोघेही सारखेच निघालो. मग मात्र खरी तयारी सुरू झाली. पहिल्या चार दिवसांतली सगळी नुसती धावपळ होती असे आता वाटते.

मूळ बेत मोठा होता. गोरखपूरहून सायकलवर सोनौलीची सीमा, लुंबिनी, तिलौराकोट, मग पूर्वेला देवदह आणि रामग्राम, असे तीनशेच्या आसपास किलोमीटर. तो बेत आम्ही तिथेच फाडला. गोरखपूर ते सीमा बसने, पुढेही लुंबिनीपर्यंत बसने, आणि सायकल फक्त लुंबिनीच्या पश्चिमेच्या कपिलवस्तू भागात. एका दिवसात चाळीस किलोमीटरच्या वर जायचे नाही. दर तासाला थांबायचे, भूक असो वा नसो. पुढे कोण राहील याचाही निर्णय केला: ज्याची चाल कमी तो पुढे. मागचा आपोआप त्याच्या वेगाने येतो, आणि पुढच्याला काही झाले तर दिसते. सोमवारी सोबती त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, श्रमाच्या दिवसांत कशी घ्यायची ते लिहून दिले, साखर तपासायचे छोटे यंत्र आणि ग्लुकोजच्या पुड्या बरोबर ठेवायला सांगितल्या. साखर कारखान्यात राबणाऱ्या माणसाने खिशात गूळ घेऊन हिंडावे, यावर पुढे गाडीत आम्ही पुष्कळ हसलो.

पैशाचे मात्र घरी सांगावे लागले. ते त्या डोंगरापेक्षा अवघड होते.

सहचारिणीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "अहो, हप्त्याला अजून दोन महिने आहेत, ते बघू. माझं म्हणणं दुसरंच आहे. तुम्ही दोघे गडी सायकलवर जाणार. मी आणि आई लुंबिनी कुणाच्या फोटोत बघायची?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. विहारातल्या बायका दर आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासात ग्रंथवाचनाला बसतात, सिद्धार्थाचा जन्म शालवृक्षाखाली झाला ते वाचून दाखवतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींनी दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या पलीकडे पाऊल टाकलेले नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी पायी चालत मुंबईला गेले आणि १९६१ साली रशियाला जाऊन आले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले, हेही सांगतो. पण आपल्या घरातल्या बाईने परदेशी जाण्याचा विषय निघतो तरी का? सायकल ही सबब पुढे करून आम्ही तिला वगळले होते, हे खरेच होते.

तिने एक वही दिली. "जाताय तर कामाचं करून या. राहायला कुठं, संडास-बाथरूम कसं आहे, आईच्या गुडघ्याला पायऱ्या किती चढाव्या लागतील, जेवण काय, माणशी किती लागले, सगळं लिहून आणा."

त्या वहीतले थोडे वाचकांसाठी देतो. भारताचे शंभर रुपये म्हणजे नेपाळचे एकशे साठ, हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे. २०१८ साली नेपाळने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांना बंदी केली होती. या नियमांत पुढे बदल होत राहतात, तेव्हा निघण्यापूर्वी विचारावे. शंभरच्या नोटांचा जुडगा नेला की अडत नाही. सीमेवर मोटारसायकलला भन्सार, म्हणजे जकात, भरून परवाना काढावा लागतो. पोत्यातल्या सायकलीकडे कोणी पाहिलेही नाही. शेजारचा देश असला तरी निघण्याआधी तिकडच्या बातम्या पाहाव्यात. २०२५ च्या सप्टेंबरात तिथे तरुणांच्या आंदोलनात सरकार पडले, त्या दिवसांत सीमेवरची वाहतूकही अडली होती. आणि डिसेंबरअखेरपासून जानेवारीभर तराईत दाट धुके असते, तेव्हा सायकलवाल्याने जाऊ नये.

लुंबिनीत निरनिराळ्या देशांचे विहार आहेत. मध्ये लांब कालवा, एका बाजूला थेरवादी, दुसऱ्या बाजूला महायानी. ही आखणी जपानचे वास्तुरचनाकार केन्झो टांगे यांची, १९७८ सालची. कोरियन विहारात यात्रेकरूंना थोडक्या पैशांत राहण्या-जेवण्याची सोय होते. मायादेवी मंदिराजवळ सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. बुद्ध इथे जन्मले म्हणून या गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा आठवा हिस्साच ठेवला, असे त्यावर कोरले आहे. काट्यावर काम करणाऱ्या आमच्या सोबत्यांना ती आठव्या हिश्शाची गोष्ट फार आवडली. मंदिराच्या परिसरातली वाट सपाट आहे. वहीत आम्ही ठळक लिहिले: आईला जमेल.

तिलौराकोट तिथून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. नेपाळचे अभ्यासक यालाच शाक्यांचे कपिलवस्तू मानतात, भारतातले अनेकजण उत्तर प्रदेशातील पिप्रहवाला मानतात. तो वाद विद्वानांचा. आमच्या वाट्याला आला तो त्याच्या आसपासच्या गावांचा रस्ता: तिलौराकोटहून निगलीहवा, जिथे अशोकाचा दुसरा स्तंभ तळ्याकाठी मोडून पडला आहे, आणि तौलिहवाच्या पलीकडे गोटीहवा, जिथे तिसऱ्याचा बुंधा आहे. खडी, धूळ, दोन्ही बाजूंना भाताची कापणी. तिकडे अशा रस्त्याला 'ग्राभेल'च म्हणतात, हे ऐकून सोबत्यांनी लगेच मुलाला कळवायला सांगितले. भाड्याची आमची सायकल अगदी घरच्यासारखी काळी, अठ्ठावीस बाय दीडची. सीट बदलल्यावर तर ओळखूच येईना. सोबत्यांनी दोनदा साखर तपासली, दोन्ही वेळा ठीक निघाली. एकदा आमचाच पाय गोळा आला आणि त्यांच्या खिशातला गूळ आम्ही खाल्ला.

फोन एका संध्याकाळी लागला नाही. पानावर लिहिल्याप्रमाणे घरच्यांनी दोन तास वाट पाहिली, पुण्याच्या मुलाला विचारले, त्याने मुक्कामाच्या ठिकाणी फोन लावला. आम्ही तोवर जेवून झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली.

परत आल्याला आता काही आठवडे झाले. सोबत्यांचा हंगाम सुरू आहे, काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली आहे. फोनवर बोलायलाही त्यांना सवड नसते. मुलीचा हप्ता उसनवारी करून भरला. वही सहचारिणीकडे आहे. विहारातल्या आणखी चौघींनी ती पाहिली, एकीने पायऱ्यांच्या आकड्याखाली रेघ ओढली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका तारखेला गोल केलेला आहे. त्या तारखेला आरक्षण उघडते. साठ दिवस मोजून तो गोल तिनेच केला आहे, आणि मतदार ओळखपत्रे कोणाकोणाची आहेत याची यादी त्याच्या शेजारी टाचणीने लावली आहे. आईचे नाव पहिले आहे.